भट्टीचं नाव केटुरा

"नाव तुझंही तेच आहे. मी काय खोटं बोलतोय, केटुरा?"

"आज बरं आठवलं, लोरेन्झदादा. इतकी वर्षं मी केट होते. केट, चादरी वाळल्या का. केट, साबण संपला का. आज एकदम केटुरा?"

"अगं, माणसं हटून बसलीत. म्हणतात, केटुरा नावाच्या बाईनं चूड लावल्याशिवाय आम्ही भट्टीला हात लावणार नाही."

"बसू देत."

"बसू देत म्हणे. आणि खायचं काय? भट्टी गार, म्हणजे मालकाच्या कोठाराला कुलूप. पंधरवड्यात या खोऱ्यातल्या पोरांना मक्याची लापशीसुद्धा दिसायची नाही."

"मग मालकाला सांग. चार माणसांत उभं राहून एवढंच म्हणायचं, की माझा गोमर त्या दिवशी प्यायलेला नव्हता. बस. मी येते, चूड लावते, घरी जाते."

"ते तो म्हणायचा नाही."

"मग तू म्हण. तू तर तिथंच होतास."

लोरेन्झ उमहोल्ट्सनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. आमच्या भट्टीचा तो मुख्य कारागीर. धुराच्या रंगावरून लोखंड कसं उतरणार हे सांगणारा माणूस, पण धुलाईघराच्या उंबऱ्यावर उभं राहून त्याला साधं हो किंवा नाही जमेना. शेवटी तो माझ्याकडे वळला.

"सालोमे, तुझी वाचा का गं बसली?"

"माझ्या हातात उकळतं पाणी आहे, दादा," मी म्हटलं. "मला मध्ये घेऊ नका."

केटुरानं चादर पिळली, इतकी की पाणी संपलं तरी ती पिळतच राहिली. "माझं घर मालकाचं, माझं पीठ मालकाचं, हेच सांगणार ना तू?" ती म्हणाली. "ते मला माहीत आहे. जा आता. तुझ्या बुटांची राख माझ्या धुतल्या कपड्यांवर उडतेय."

लोरेन्झ गेला. खरंच राख उडत होती.

आमच्या डोंगरांत भट्टीला बाईचं नाव देतात. पलीकडच्या खोऱ्यातली भट्टी मालकाच्या थोरल्या लेकीच्या नावाची आहे, नदीच्या खालच्या अंगाची कुणाच्या आईच्या. आमची केटुरा ही थॉर्नबरी मालकाच्या बायकोच्या नावाची. हिवाळ्यात ओढा गोठतो, पाणचक्की थांबते, चक्कीवरचा भाता थांबतो, मग भट्टीही विझते. वसंतात बर्फ वितळलं की तिला पुन्हा पेटवायचं, आणि पहिली चूड लावायची ती जिचं नाव तिनंच. दरवर्षी मालकीणबाई पांढरे हातमोजे घालून खाली यायच्या. माणसं टोप्या काढायची, बाई चूड लावायच्या, रमचं पिंप फुटायचं. एकदा पेटली की भट्टी महिनोन् महिने थांबत नसे, रविवारीसुद्धा नाही.

आणि माणसं भट्टीबद्दल बोलायची तीही बाईबद्दल बोलावं तशी. केटुरा आज रुसलीय. केटुराला भूक लागलीय. केटुरा आज गोड आहे, डुकरीण झकास उतरली. डुकरीण म्हणजे वाळूत काढलेली मोठी चरी. तिच्या अंगाला छोट्या चऱ्या काढतात, लोखंड त्यांत वाहत जाऊन गोठतं, आणि दिसतं ते अगदी पिलांना पाजत पडलेल्या डुकरिणीसारखं. या चऱ्या काढायचं काम माझ्या नवऱ्याचं, योस्टचं.

आमची केटुरा, म्हणजे माणूस केटुरा, एका वेल्श खाणकऱ्याची लेक. कोवळ्या वयात मोठ्या घरी कामाला लागली. पहिल्याच दिवशी मालकीणबाईंनी नाव विचारलं.

"केटुरा, बाईसाहेब."

"या घरात एक केटुरा आहे, तेवढी पुरे. तू केट."

हे ती मला कपडे आपटता आपटता सांगायची आणि हसायची. "नाव म्हणजे काय गं सालोमे, चिखलाचे बूट? दारात काढून ठेवायचे?" हसायची खरी, पण त्या दिवसापासून तिला पुऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आईबाप लवकर गेले. मग गोमर आला, त्यांचं लग्न झालं.

गोमर प्यू भट्टीच्या माथ्यावर काम करायचा. भट्टी टेकडीला लागून बांधलेली, टेकडीवरून तिच्या तोंडापर्यंत लाकडी पूल. त्या पुलावरून हातगाडा ढकलत न्यायचा आणि वरच्या तोंडातून आत ओतायचा, लाकडाचा कोळसा, लोखंडाचा दगड, चुनखडी, पुन्हा कोळसा. भुवया कायम होरपळलेल्या, आवाज धुरानं बसलेला. त्याच बसक्या आवाजात तो पुलावरून खाली धुलाईघराकडे हाक टाकायचा, "केटुराऽ". आणि खालची माणसं चेकाळायची.

"कुठल्या केटुराला रे, गोमर? तुझ्या पायाखालच्या की ओढ्याकाठच्या?"

"जी उलट उत्तर देते तिला," तो म्हणायचा.

"मग कळलं. ओढ्याकाठची."

दारूला तो शिवत नसे. धर्माबिर्माचं कारण नव्हतं. "वरची वाफ फुकटात डोकं फिरवते," म्हणायचा, "त्यात आणखी रम कशाला ओतू?" सणावाराला वाट्याची रम मिळायची, ती तो कुणाला तरी देऊन टाकायचा, आणि त्यामुळे सणावाराला त्याला मित्र फार.

चार वर्षांपूर्वी मालकीणबाईंचा वाढदिवस होता. शहरातून पाहुणे आले होते. बाईंच्या वाढदिवशी पाहुण्यांसमोर लोखंड वाहवायचं हा मालकाचा शिरस्ता. तांबडी नदी वाळूतून धावायला लागली की पाहुण्या बाया रुमाल तोंडाला लावायच्या आणि मालकाची छाती फुगायची. नेमका त्याच दिवशी भट्टीच्या पोटात माल अडकला. कधी कधी अडकतो तो. वरचा कोळसा आणि दगड एकमेकांना चिकटून छत धरतात, खालचं जळून जातं, मध्ये पोकळी राहते. छत कधी कोसळेल याचा नेम नाही, आणि कोसळलं की वरच्या तोंडातून ज्वाळेचा लोट उठतो. अशा वेळी भाता बंद करायचा, माथ्यावर कुणी जायचं नाही, माल आपोआप बसायची वाट पाहायची.

भाता बंद झाला. हे साऱ्या खोऱ्याला कळलं, कारण भात्याचा हुंकार थांबला की आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जागं होतं. आम्ही बायका दारात आलो. मालक जेवणाच्या टेबलावरून उठून पुलाकडे गेलेला दिसला. पुलाच्या टोकाशी तिघं बोलत होते, मालक, लोरेन्झ आणि गोमर. काय बोलले ते एवढ्या लांबून कुणाला ऐकू येणार? पण थोड्या वेळानं भाता पुन्हा सुरू झाला. ते मात्र सगळ्यांनी ऐकलं.

मग गोमर लांब पहार घेऊन पुलावरून निघाला. माल टोचून खाली पाडायला.

आवाज झाला तो पोतं पडल्यासारखा. मग लोट. मग घंटा, कुणीतरी वेड्यासारखी बडवत होतं. केटुरा धावत सुटली तेव्हा तिच्या हातात मालकीणबाईंचा ओला टेबलक्लॉथ होता, तो तिनं टेकडी चढेपर्यंत सोडला नाही. पुलावर पहार आडवी पडली होती. बाकी काही नाही. पुरायला काही उरलं नाही, आणि कुठल्या दिवशीच्या लोखंडात तो खाली उतरला हे लोरेन्झलाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मालकानं माणसं भट्टीपुढच्या ओतशाळेत जमवली आणि सांगितलं, सणाचा दिवस होता, रम मोकळी होती, गोमरनं जास्त घेतली, तोल गेला, इतरांनी यातून शहाणं व्हावं. लोरेन्झ बाजूलाच उभा होता. तो काही बोलला नाही. कुणीच बोललं नाही.

वेल्श चॅपलचे पाद्री रीस केटुराला भेटायला आले, तिच्या दारात टोपी काढून उभे राहिले, आणि म्हणाले, "पोरी, मला वाईट वाटतं. पण देह नाही, आणि त्यात नशेत गेलेला माणूस. आवारात त्याच्या नावाचा दगड मला लावता येणार नाही."

"तो पीत नव्हता, बाबा."

"मालक म्हणतात, प्यायला होता."

"मालक म्हणतात," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पुढचं त्याहून वाईट. माणसं भट्टीबद्दल नेहमी बोलायची तशीच बोलत राहिली. कोळशाच्या गाड्या हाकणारा परका गाडीवान कोठारापाशी विचारायचा, इथं कुणी गेलं म्हणे? आणि उत्तर मिळायचं, "हो, केटुरानं खाल्लं त्याला." ते कानावर पडलं तेव्हा ती पीठ घ्यायला रांगेत उभी होती. मी तिच्या मागं होते. तिनं पिशवी भरून घेतली, तोंड बांधलं, मला म्हणाली, "चल." 

मालकीणबाईंनी तिला काळी शाल पाठवली, आणि महिन्याभरात मोठ्या घरातून काढून कायमचं धुलाईघरात टाकलं. विधवेचं तोंड सकाळी सकाळी बघवत नव्हतं त्यांना. तेव्हापासून ती आणि मी एका हौदावर. राखेच्या पाण्यानं हात फाटायचे, रात्री डुकराची चरबी चोळायची, सकाळी पुन्हा पाण्यात. तिनं कधी रडगाणं गायलं नाही. फक्त भट्टीच्या माणसांचे सदरे धुताना एखाद्याला दारूचा वास आला की तो सदरा बाजूला काढायची. "हा तू धू," म्हणायची.

या हिवाळ्यात मालकीणबाई तापानं गेल्या. वसंत आला, चूड लावायला केटुरा नव्हती. मालक म्हणाला, मीच लावतो. लोरेन्झनं सांगितलं होतं, यंदा बर्फ फार झालं, दगडांत ओल आहे, आठवडाभर बारीक जाळ ठेवून आधी वाळवू. मालकाला शहरात लोखंड पोचवायची घाई. त्यानं चूड लावली. भट्टी धड तापलीच नाही, पहिलंच लोखंड तळाला गोठलं, हत्तीएवढं ढेकूळ. ते घणांनी फोडून काढता काढता चेरी पिकायची वेळ आली. कारण ओल हेच होतं, पण ओलीवर कोण विश्वास ठेवतो? माणसं म्हणाली, ती दुसऱ्याच्या हातून पेटणार नाही. तिला तिच्या नावाची बाई पाहिजे.

तेव्हा कुणाला तरी आठवलं की धुलाईघरातली केट ही मुळात केटुरा आहे.

लोरेन्झ येऊन गेल्यावर बायका यायला लागल्या. कुणी सफरचंदाचा मुरंबा आणला, कुणी अंडी. स्वतःच्या पोरांना पुरत नसलेली अंडी. "अगं, एक चूड तर लावायची." "देवानं तुला नाव दिलंय, कुणाच्या उपयोगी पडू दे." एकीनं तर "गोमर असता तर त्यानंच सांगितलं असतं" इथवर मजल मारली. केटुरानं तिला अंडी परत दिली.

शेवटी माझ्यावर पाळी आली. हौदावर आम्ही दोघीच होतो.

"केटुरा," मी म्हटलं.

"तू पण, सालोमे?"

"माझ्या घरात पीठ संपलं. काल योस्टनं जेवलो म्हणून सांगितलं, पण ताट कोरडं होतं."

ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "तुला माहीत आहे ना, मी काय मागतेय?"

"माहीत आहे."

"जास्त आहे?"

"नाही," मी म्हटलं. "पण मोठ्या माणसांना एक वाक्य फार महाग पडतं गं. एखादं घर ते पटकन देऊन टाकतील."

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आला. धुलाईघराच्या वाफेत त्याचा चष्मा धुरकटला, तो पुसत त्यानं सुरुवात केली. "के... केटुरा. तू मरेपर्यंत त्या घरात राहा. भाडं नको. नवी लोखंडी शेगडी देतो, पाठीवर फुलं असलेली."

"शेगडी आहे माझ्याकडे."

"गोमरच्या नावाचा दगड लावू. रीसशी मी बोलतो. चॅपलच्या भिंतींना चुना माझ्याच खाणीतला जातो, तो नाही म्हणणार नाही."

"दगडावर नाव येईल, मालक. लोकांच्या तोंडात काय येईल?"

"तुला हवंय तरी काय?"

"तुम्हाला माझं नाव पाहिजे. तुमच्याकडे त्याचं आहे, ते परत द्या. ओतशाळेत जिथं उभं राहून तो दारुडा होता म्हणालात, तिथंच उभं राहून म्हणा की नव्हता."

मालकानं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, तो पुन्हा धुरकटला. "बरं," तो म्हणाला. "चूड लावायच्या आधी गोमरबद्दल बोलतो मी. सगळ्यांसमोर. झालं?"

"काय बोलाल?"

"चांगलंच बोलेन."

तो गेल्यावर मी म्हटलं, "मिळालं की गं."

"हो म्हणाला तो," ती म्हणाली. "मी सांगितलेलं वाक्य मात्र त्याच्या तोंडून आलं नाही."

दोन आठवडे बारीक जाळ ठेवून भट्टी वाळवली. या वेळी मालक मध्ये पडला नाही. मग ती सकाळ आली. योस्टनं वाळू ओली करून, चाळून, सपाट करून चऱ्या काढल्या होत्या, डुकरीण आणि तिची पिलं, खरं तर लोखंड उतरायला अजून अवकाश होता, पण सगळं नीट दिसावं म्हणून. पुरुष ओतशाळेत उभे, आम्ही बायका दरवाजात. पाद्री रीससुद्धा आले होते. मालकानंच त्यांना बोलावणं धाडलं होतं म्हणे. मालक काळ्या कोटात, टोपी हातात. केटुरा आपल्या रोजच्याच पोशाखात, फक्त एप्रन धुतलेलं. हातमोजे कुणीतरी पुढे केले होते, ते तिनं घेतले नाहीत.

भट्टीच्या कमानीत लाकडाच्या ढलप्या रचलेल्या होत्या. लोरेन्झनं राळेची चूड पेटवून तिच्या हातात दिली. मालकानं घसा साफ केला.

"आज आपल्यात एक माणूस नाही," तो म्हणाला. "गोमर प्यू. कामाला वाघ. त्याच्यासारखा गाडा कुणी ढकलला नाही. आता माणूस म्हटला की दुबळेपणा आलाच. सणाचा दिवस होता, जरा जास्त झाली. आज या मंगल प्रसंगी मी त्याला मनापासून माफ करतो. तुम्हीही करा."

"आमेन," मागून कुणीतरी म्हणालं.

माणसं हलली, खाकरली, एकमेकांकडे बघून मान डोलावू लागली. मोठ्या मनाचा मालक. पाद्री रीसनी डोळे मिटले. केटुरा कमानीसमोर तशीच उभी होती. चुडीतून राळ वाळूवर टपकत होती.

"माफ कशाबद्दल, मालक?"

"केटुरा, आता नको. चूड विझेल."

"विझली तर दुसरी आहे. दादानं जास्तीच्या करून ठेवल्यात." तिचा आवाज चढला नव्हता. कपडे वाळले का विचारावं तसा होता. "मला भाषण येत नाही. मी साधं विचारते. माल अडकला होता. भाता थांबला, तो या सगळ्यांनी ऐकला. मग तो पुन्हा सुरू झाला, तोही सगळ्यांनी ऐकला. तो कुणी सुरू करवला?"

 बाहेर चक्कीवर बंद फळीच्या फटीतून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

"आणि गोमरला वर जा म्हणून कोण म्हणालं?"

मालकानं लोरेन्झकडे पाहिलं. त्या सकाळी मी लोरेन्झचा टकला माथा पहिल्यांदा इतक्या उजेडात पाहिला. घामानं चकाकत होता. मला वाटलं, हा आता टोपी या हातातून त्या हातात घेणार. पण त्याची टोपी खाली वाळूत पडलेली होती.

"सांगा, मालक," लोरेन्झ म्हणाला.

"उमहोल्ट्स."

"सांगून टाका. तुम्ही सांगितलं तर बरं दिसेल. नाहीतर मीही तिथंच होतो."

पाद्री रीसनी डोळे उघडले. योस्टनं फावडं भिंतीला टेकवलं. सगळी माणसं एकाच माणसाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता, फक्त वाट पाहणं होतं. केटुरानं चूड दुसऱ्या हातात घेतली. पहिला हात तिनं एप्रनला पुसला.

 मालकानं टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली, आणि योस्टनं सकाळी काढलेल्या चऱ्या तुडवत, दरवाजात उभ्या आम्हा बायकांमधून वाट काढत, कुणाकडेही न बघता तो बाहेर निघून गेला.